आठ कोअर, तरी पाचपटही वेग नाही : अँटेना सिम्युलेशनचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक लहान कंपनी. मोजके अभियंते, काम मुख्यतः एचएफ आणि व्हीएचएफ या रेडिओ पट्ट्यांच्या अँटेनांचे. ओळख पटू नये म्हणून कंपनी, ग्राहक आणि जागा यांचे तपशील बदलले आहेत, वेळेचे आकडेही ढोबळ केले आहेत. मी या कामात बाहेरून, सल्ल्यापुरता होतो.

ग्राहकाला 6 ते 30 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणारी लॉग-पिरियॉडिक (लहान-मोठ्या दांड्यांच्या रांगेची) अँटेना मनोऱ्यावर बसवायची होती. डोकेदुखी शेजारच्या पत्र्याच्या शेडची होती. शेड 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद, 6 मीटर उंच. 6 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 50 मीटर असते, 30 मेगाहर्ट्झला 10 मीटर. म्हणजे या पट्ट्यात शेड ही नुसती शेजारची इमारत राहत नाही, ती अँटेनाचाच भाग होऊन बसते. मनोरा नेमका कुठे आणि किती उंच उभारायचा हे ठरवायला अँटेना, मनोरा, ताणाच्या तारा, शेड आणि खालची जमीन या सगळ्यांचे एकत्र सिम्युलेशन लागणार होते.

कंपनी यासाठी एनईसी-2 वापरते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क आणि पोजिओ यांनी 1981 मध्ये सिद्ध केलेला हा फोरट्रान प्रोग्राम. आजही त्याच्या इनपुटच्या ओळींना ‘कार्ड’च म्हणतात : तारेसाठी जीडब्ल्यू कार्ड, फ्रिक्वेन्सीसाठी एफआर कार्ड. पंचकार्डांचा जमाना गेला, शब्द राहिला. हिशेबाची रीत अशी : प्रत्येक तारेचे लहान सेगमेंट करायचे, प्रत्येक सेगमेंटमधला प्रवाह अज्ञात धरायचा, आणि प्रत्येक सेगमेंटचा इतर प्रत्येकावर होणारा परिणाम मॅट्रिक्समध्ये मांडायचा. सेगमेंट एन असतील तर मॅट्रिक्स एन गुणिले एन, आणि त्यातला प्रत्येक आकडा संमिश्र (कॉम्प्लेक्स). मग ती समीकरणे एलयू विघटनाने, म्हणजे मॅट्रिक्सची दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये फोड करून, सोडवायची. मॅट्रिक्स भरण्याचे काम एनच्या वर्गाने वाढते, सोडवण्याचे घनाने.

पत्र्याच्या जागी तारांची जाळी धरतात. सेगमेंट तरंगलांबीच्या एक-दशांशाहून मोठा नको, म्हणून वरच्या टोकाचा विचार करून जाळी 1 मीटरची घेतली. नुसत्या छताचेच 1,250 सेगमेंट झाले. चार भिंती धरून शेड 2,400 च्या आसपास गेली. अँटेनाचे दांडे, मनोरा आणि ताणाच्या तारा मिळवून एकूण सुमारे 3,200. एनईसी-2 ला जमिनीत शिरणारी तार चालत नाही, म्हणून भिंतींच्या खालच्या तारा जमिनीपासून जराशा वर ठेवल्या होत्या.

अडचण

एका फ्रिक्वेन्सीला साधारण 45 सेकंद लागत. 6 ते 30 मेगाहर्ट्झ, 0.1 ची पायरी, म्हणजे 241 फ्रिक्वेन्सी. पूर्ण पट्टा एकदा फिरवायला तीन तास. मनोऱ्याच्या चार जागा आणि तीन उंची तपासायच्या, म्हणजे बारा वेळा तीन तास. एवढ्यावर भागले असते तर दोन रात्री मशीन चालू ठेवून काम उरकले असते. पण दर बैठकीनंतर ग्राहकाकडून काही ना काही बदल येई. आज ताणाच्या तारांचे इन्सुलेटर हलवा, उद्या शेडला एक खण वाढवा. प्रत्येक बदलाला पुन्हा छत्तीस तास.

मशीन आठ कोअरचे आणि काम एकाच कोअरवर. मालकांचे म्हणणे सरळ होते : बाकीचे सात बसून का आहेत?

आधी मोजमाप

कामाची सूत्रे असलेल्या वरिष्ठ अभियंता मॅडमनी इथे एक चांगली गोष्ट केली. पर्यायांची चर्चा सुरू होण्याआधी वेळ नेमका कुठे जातो ते प्रोफायलर लावून मोजायला सांगितले. निघाले ते असे : 45 पैकी सुमारे 30 सेकंद एलयूमध्ये, सुमारे 15 मॅट्रिक्स भरण्यात. प्रारणाचा (रेडिएशनचा) पॅटर्न काढणे, फाइल लिहिणे वगैरे नगण्य. खऱ्या जमिनीचा परिणाम धरायचा तर प्रत्येक सेगमेंट-जोडीसाठी सॉमरफेल्ड टेबलातून (जमिनीच्या परिणामाच्या आधी काढून ठेवलेल्या आकड्यांतून) मधला आकडा काढावा लागतो, त्यामुळे भरणीही स्वस्त नव्हती.

या मोजमापाला एक तास लागला असेल. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्याच्या आधारावर झाले.

समोरचे पर्याय

महागडे व्यावसायिक पॅकेज आणि जीपीयू घेणे हा पर्याय खर्चामुळे आणि ग्राहकाने आधीचे सगळे अहवाल एनईसी-2 वर स्वीकारलेले असल्यामुळे लगेच बाद झाला. क्लाउडवर मशीन भाड्याने घेणे शक्य होते, पण ग्राहकाच्या जागेचा आराखडा बाहेर नेण्याची परवानगी नव्हती.

सममितीचा फायदा एनईसी-2 घेऊ शकतो. शेड एकटी असती तर सममिती सांगणाऱ्या जीएक्स कार्डाने काम बरेच हलके झाले असते. मनोरा एका कोपऱ्याकडे असल्याने ती वाट बंद होती.

उरले तीन मार्ग. पहिला, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला स्वतंत्र प्रोसेस : 6.1 मेगाहर्ट्झच्या उत्तराचा 6.2 शी काही संबंध नाही, तर दोन्ही एकाच वेळी चालवा. दुसरा, प्रोग्रामच्या आत शिरून ओपनएमपीने (एकाच प्रोग्रामचे काम अनेक कोअरवर वाटण्याच्या सोयीने) भरणीचे आणि एलयूचे लूप थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटणे. तिसरा, मूळ एलयू काढून त्या जागी लॅपॅक या गणिती लायब्ररीतले तयार एलयू बसवणे. एक चौथा मार्गही होता, पण तो त्या वेळी कोणाच्या बोलण्यात आला नाही, त्याबद्दल शेवटी.

पहिल्या मार्गात मूळ कोडला हात लावावा लागत नव्हता, म्हणून तो निवडला. माझ्या मते निवड बरोबर होती. ज्या कोडवर आजवरचे अहवाल उभे आहेत त्याला पहिल्याच दिवशी हात घालायचा नसतो.

काय केले : पहिला टप्पा

टीममधल्या तरुण अभियंत्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. 241 इनपुट फाइल तयार करायच्या, त्यांची रांग लावायची, आणि आठ प्रोसेसपैकी जी मोकळी होईल तिला पुढची फाइल द्यायची.

पहिलाच प्रयोग काही मिनिटांत बंद पडला. स्क्रीनवर एनईसीचा संदेश : एरर इन ग्राउंड पॅरामीटर्स. कंपनीतल्या जुन्या आवृत्तीत जमिनीचे टेबल सॉमनेक नावाच्या वेगळ्या प्रोग्रामने आधी तयार होते आणि एका ठरलेल्या नावाच्या फाइलमध्ये जाते. हे टेबल जमिनीच्या संमिश्र डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर अवलंबून असते आणि त्या स्थिरांकात वाहकता भागिले फ्रिक्वेन्सी असे पद असते, म्हणून दर फ्रिक्वेन्सीला टेबल वेगळे. आठही प्रोसेस एकाच फोल्डरमध्ये, फाइलचे नाव एकच; एकीने लिहिलेले टेबल दुसरी वाचत होती. नशीब एवढेच की फाइलमधला स्थिरांक आणि मागितलेला स्थिरांक जुळतो का हे एनईसी-2 स्वतः तपासतो आणि जुळला नाही तर थांबतो. ही तपासणी नसती तर 241 चुकीची उत्तरे सुबकपणे छापून आली असती. समांतर चालवण्याचा कसलाही विचार नसलेल्या काळात कोणीतरी घातलेली ही चार ओळींची तपासणी इथे कामी आली.

उपाय सोपा होता, प्रत्येक प्रोसेसला आपला फोल्डर. त्यानंतर गाडी सुरळीत चालली, पण अपेक्षेइतकी पळाली नाही. चार प्रोसेसपर्यंत वेग जवळजवळ चौपट झाला. आठवर गेल्यावर पाचपटही भरेना. तीन तासांचे काम चाळीस मिनिटांच्या आत येत नव्हते. हायपरथ्रेडिंगच्या (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीच्या) भरवशावर सोळा प्रोसेस लावून पाहिल्या, काही फरक नाही.

“मॅडम, आठही कोअर शंभर टक्क्यांवर आहेत, बघा,” तरुण अभियंता टास्क मॅनेजर दाखवून म्हणाला.

“शंभर टक्के कशात रे? गणितात की वाट बघण्यात?”

प्रश्न नेमका होता. मेमरीतून आकडा येण्याची वाट पाहणारा कोअरही त्या आलेखात पूर्ण व्यग्रच दिसतो. हिशेब करून पाहिला. संमिश्र डबल-प्रिसिजन आकड्याला 16 बाइट, म्हणजे 3,200 च्या मॅट्रिक्सला सुमारे 164 एमबी. ते कॅशेत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जलद मेमरीत, मावण्याचा प्रश्नच नाही. मूळ एलयू एकेक स्तंभ घेते आणि त्या प्रत्येकासाठी आधीचे सगळे स्तंभ पुन्हा वाचते. एकूण वाचन होते एनच्या घनाचा तिसरा हिस्सा गुणिले 16 बाइट, म्हणजे सुमारे 175 जीबी, आणि तेही एका फ्रिक्वेन्सीसाठी. तीस सेकंदांत 175 जीबी म्हणजे एकट्या प्रोसेसची भूक सेकंदाला सहा जीबीच्या जवळ. आठांची मिळून 45 च्या पुढे. दोन मेमरी चॅनेलच्या त्या मशीनमधून प्रत्यक्षात मिळत होते पंचवीसच्या आसपास. सोसायटीत नळ आठ बसवले, पण टाकीतून येणारा पाइप एकच, अशी गत.

कोअरची टंचाई नव्हतीच, टंचाई होती मेमरीच्या वाटेची. पुण्यात समांतर गणन म्हटले की सी-डॅकचा 1991 चा परम 8000 महासंगणक आठवतो आणि प्रोसेसर वाढवले की वेग वाढतो हे समीकरण डोक्यात पक्के बसते. पण त्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची स्वतःची मेमरी होती. टेबलावरच्या मशीनमध्ये आठही कोअर एकाच मेमरीपाशी जातात.

दुसरा टप्पा : एलयू बदलण्याचा निर्णय

आता दोन वाटा होत्या. अधिक मेमरी चॅनेलचे वर्कस्टेशन विकत घ्यायचे, किंवा कोडला हात घालायचा. मालकांचा कल मशीनकडे होता, कारण मशीन बदलले तरी उत्तरे बदलत नाहीत. मॅडमचा कल कोडकडे. लॅपॅकचे एलयू मॅट्रिक्सचे लहान ठोकळे करून कॅशेत आणते आणि एकदा आणलेल्या आकड्यावर भरपूर काम करून मगच सोडते. गणित तेच, मेमरीच्या फेऱ्या मात्र कितीतरी कमी. मी मॅडमच्या बाजूने बोललो. चाचणीला दोन दिवस द्यायचे, जमले नाही तर मशीनची ऑर्डर द्यायची, असे ठरले.

एनईसी-2 मध्ये हे काम दोन सबरूटीन करतात, फॅक्टर आणि सॉल्व्ह. दोन्ही बदलावी लागली, कारण ओळींच्या अदलाबदलीची नोंद ठेवण्याची जुन्या कोडची रीत आणि लॅपॅकची रीत एक नाही. बदल मोजक्याच ओळींचा होता. एका द्विध्रुवावर (साध्या सरळ तारेच्या अँटेनावर) चालवून पाहिले, आकडा पटण्याजोगा आला. मग 3,200 सेगमेंटच्या मॉडेलवर जुने आणि नवे उत्तर शेजारी-शेजारी ठेवले, तर अँटेनाचा इनपुट रोध (इम्पीडन्स) भलताच.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. एनईसी-2 मॅट्रिक्स भरताना ती पलटून, म्हणजे ओळींच्या जागी स्तंभ ठेवून भरतो. त्यांच्याकडच्या आवृत्तीत फॅक्टरच्या अगदी सुरुवातीला तिला पुन्हा सरळ करणारा एक छोटा लूप होता. जुने फॅक्टर काढले तेव्हा त्याच्यासोबत हा लूपही गेला, आणि लॅपॅक इमानेइतबारे पलटलेलीच समीकरणे सोडवत बसले. मग द्विध्रुवाच्या चाचणीत हे दिसले का नाही? सारख्या लांबीचे सेगमेंट असलेल्या सरळ तारेत पहिल्याचा पाचव्यावर आणि पाचव्याचा पहिल्यावर होणारा परिणाम जवळपास सारखाच. मॅट्रिक्स पलटली काय नि न पलटली काय, फार फरक पडत नाही. पण एनईसी-2 क्षेत्र मोजतो सेगमेंटच्या मध्यावर आणि प्रवाह पसरतो शेजारच्या सेगमेंटांवरही. लांब-आखूड तारा एकत्र आल्या, एका बिंदूला चार तारा मिळाल्या, की ही सारखेपणाची सोय संपते. चाचणीला सर्वात साधे उदाहरण घेण्याची आपली सवय इथे नडते. लांबी-जाडी वेगवेगळी असलेल्या तीन तारांचा एक वेडावाकडा सांधा त्यांनी नंतर कायमची चाचणी म्हणून ठेवला. द्विध्रुवाच्या शंभर चाचण्यांपेक्षा तो अधिक उपयोगाचा आहे.

सुधारल्यावरही जुन्या आणि नव्या आउटपुट फाइलींची ओळीनिहाय तुलना केली तर शेकडो ओळी वेगळ्या. यावर थोडी घबराट झाली. पण बेरजांचा क्रम बदलला की शेवटचे अंक हलणारच. किती हललेले चालेल हे आधी ठरवून कागदावर लिहिले : गेनमध्ये 0.01 डेसिबलपर्यंत, इनपुट रोधात छापलेल्या पहिल्या चार अंकांपर्यंत. त्यात सगळ्या 241 फ्रिक्वेन्सी बसल्या. ही मर्यादा ग्राहकालाही कळवली. ते गरजेचे होते, कारण जुन्या अहवालाशी तुलना तो करणारच होता.

एलयूची वेळ एका कोअरवर 30 सेकंदांवरून तीनच्या आत आली. आठ प्रोसेस लावल्या, तर सगळे पुन्हा रेंगाळले! लॅपॅक पुरवणारी ओपनब्लास लायब्ररी प्रत्येक प्रोसेसमध्ये आपणहून सोळा थ्रेड उघडत होती. आठ गुणिले सोळा, सव्वाशेच्या वर थ्रेड आठ कोअरसाठी भांडत होते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ‘एका प्रोसेसला एकच थ्रेड’ असे बजावल्यावर गोष्ट मार्गी लागली. एकाच फ्रिक्वेन्सीचे मोठे मॉडेल असेल तर मांडणी उलट करायची : प्रोसेस एक, थ्रेड आठ.

सोडून दिलेला टप्पा

आता एका फ्रिक्वेन्सीच्या 18 सेकंदांपैकी 15 भरणीचे उरले. 1967 मध्ये जीन अमडाल यांनी मांडलेला नियम तो हाच : एक भाग कितीही पळवा, न पळवलेला भाग वेगाची मर्यादा ठरवतो. एलयूला शून्य सेकंद लागले असते तरी एका कोअरवरचा वेग तिप्पटच झाला असता. साहजिकच भरणीचा लूप ओपनएमपीने वाटावा, अशी टूम निघाली.

ती दोन दिवसांत सोडून दिली. 1981 च्या त्या फोरट्रानमध्ये एका सबरूटीनकडून दुसऱ्याकडे माहिती जाते ती कॉमन ब्लॉकमधून, म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेल्या जागेतून. सध्याच्या सेगमेंटची जागा, दिशा आणि लांबी डेटाजे नावाच्या ब्लॉकमध्ये असते. एक थ्रेड ती वाचतो तोवर दुसरा बदलून मोकळा. असे सगळे ब्लॉक थ्रेडगणिक वेगळे करावे लागतात, आणि एखादा राहून गेला तर प्रोग्राम कोसळत नाही, तिसऱ्या-चौथ्या अंकात दर खेपेला वेगळे उत्तर देतो. तेच झाले. 241 स्वतंत्र फ्रिक्वेन्सी हातात असताना आठ कोअर तशीही भरलेलीच होती. ज्यातून वेग मिळणार नव्हता असा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

निष्पत्ती

पूर्ण पट्टा तीन तासांऐवजी दहा-अकरा मिनिटांत होऊ लागला. एलयू आता मेमरी अडवत नसल्याने आठ प्रोसेसचा फायदाही आठपटीच्या जवळ गेला. बारा पर्याय दोन तासांत फिरतात, म्हणजे सकाळच्या बैठकीतला बदल दुपारी ग्राहकासमोर ठेवता येतो. मनोऱ्याची जागा अखेर पहिल्या चारांपैकी नव्हतीच. वेळ आटोक्यात आल्यावर तपासलेल्या पाचव्या जागेवर तो उभा राहिला. नवे वर्कस्टेशन घेतले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट जाळीची. 6 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 50 मीटर, तिथे 1 मीटरची जाळी ही चैन आहे. 15 मेगाहर्ट्झपर्यंत 2 मीटरची जाळी धरली असती तर शेडचे सेगमेंट चौथ्या हिश्श्यावर आले असते आणि त्या 91 फ्रिक्वेन्सींची भरणी सुमारे एक-पंचमांश झाली असती. टीमने विचार केला होता, पण दोन मॉडेलांच्या सांध्यावर आलेखात उडी दिसली तर ग्राहकाला समजावत बसावे लागेल म्हणून टाळले. मला हे कारण पटते. अहवाल वाचणाऱ्याचा विश्वासही कामाचाच भाग असतो.

दुसरी गोष्ट पटत नाही. एनईसी-2 मध्ये न्यूमेरिकल ग्रीन्स फंक्शन नावाची सोय पहिल्यापासून आहे. न बदलणारा भाग एकदाच सोडवून डब्ल्यूजी कार्डाने फाइलमध्ये ठेवायचा, मग जीएफ कार्डाने तो उचलून बदलणारा भाग त्यात जोडायचा. इथे 3,200 पैकी 2,400 सेगमेंट शेडचे होते आणि बाराही पर्यायांत शेड जागची हलत नव्हती. 2,400 चा वर्ग भागिले 3,200 चा वर्ग, म्हणजे भरणीचे 56 टक्के काम पुन्हा करावेच लागले नसते. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळी फाइल लागते, सुमारे 92 एमबीची. 241 च्या मिळून 22 जीबी. 1981 मध्ये ही कल्पनाच करवली नसती, आज ते डिस्कच्या कोपऱ्यात मावते. हा तो चौथा मार्ग. तो सुचला नाही, कारण टीम ज्या चित्रमय इंटरफेसमधून मॉडेल बनवते त्यात ही कार्डे समोर येत नाहीत, आणि प्रश्न ‘समांतर कसे करायचे?’ या रूपात आल्यामुळे मूळ मॅन्युअल उघडावे असे कोणालाच वाटले नाही. मलाही उशिराच आठवले.

आता ही सोय जोडायची तर आणखी एक काम पुढे येते. जीएफचा मार्ग विघटन झालेली मॅट्रिक्स जुन्या रीतीने वाचतो आणि फॅक्टर-सॉल्व्ह तर बदलून झाले आहेत. ती तीन तारांची चाचणी दोन भागांत तोडून, दोन तारा फाइलमध्ये आणि तिसरी नंतर जोडून, उत्तर जुळते का ते सध्या तपासले जात आहे. ते जुळेपर्यंत शेड दर वेळी नव्याने भरली जाते, अकरा मिनिटांत.